बोबड्या बोलाचा अधिकार

शतपथ ब्राह्मणाच्या अकराव्या कांडात सृष्टीच्या आरंभाची कथा चालू असता ऋषी मध्येच एका अत्यंत घरगुती गोष्टीकडे वळतो. प्रजापतीला वर्षाअखेरीस बोलण्याची इच्छा झाली, ‘भूः’ म्हणताच पृथ्वी झाली, ‘भुवः’ म्हणताच अंतरिक्ष झाले, ‘स्वः’ म्हणताच द्युलोक झाला. म्हणूनच मूलही वर्षाचे झाले की बोलू पाहते आणि त्याचे पहिले शब्द एका-दोन अक्षरांचेच असतात, असे तेथे म्हटले आहे. हे रचणारा याज्ञिक वेदीइतकाच पाळण्याजवळही बसलेला असला पाहिजे, कारण गिरगावातील कोणत्याही चाळीच्या गॅलरीत कान दिला तर ‘मम्’, ‘काऊ’, ‘भुर्र’, ‘बाबा’ याहून लांब शब्द त्या वयाच्या तोंडून सहसा ऐकू येत नाही.

पण हा पहिला सार्थ शब्द येतो कोठून? मीमांसकांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. एक वडील माणूस दुसऱ्याला गाय आणावयास सांगतो व तो गाय आणतो. पुढे गाय बांधावयास आणि घोडा आणावयास सांगतो व तसे घडते. जवळ उभे असलेले मूल शब्दांची ही अदलाबदल आणि कृतींतील फरक यांचा मेळ घालून अर्थ हस्तगत करते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध जैमिनींच्या मते नित्य असल्यामुळे तो कोणी करार करून ठरविलेला नाही. मूल केवळ एका अनादि वहिवाटीत दाखल होते. भर्तृहरी याच्याही मागे जातो. पूर्वजन्मींच्या शब्दसंस्काराचे बीज अर्भकात मुळातच नसते, तर त्याला पहिला श्वास घेणे वा स्तनाकडे वळणे यांसारखी साधी क्रियाही साधली नसती, असा त्याचा अभिप्राय आहे.

दोन्ही मतांचा मला आदर आहे, तरी दोहोंत एक उणीव जाणवते. मीमांसकांचे मूल मुके साक्षीदार आहे. त्याच्याशी कोणी बोलत नाही. भर्तृहरीचे मूल आपली ठेव बरोबर घेऊनच आलेले आहे. त्याला कोणाच्या उत्तराची अपेक्षा नाही. आपल्या संस्कारविधींनी मात्र निराळीच वाट धरली आहे. बृहदारण्यकात पित्याने नवजात अर्भकाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ‘वाक्’ हा शब्द तीनदा उच्चारावा असे सांगितले आहे. गिरगावात राहून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या पांडुरंग वामन काणे यांनी १९४१ च्या खंडात अशा संस्कारांची विस्ताराने चिकित्सा केली आहे. बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते तेही याच जातीचे. ज्याला यत्किंचितही कळणार नाही हे सर्वांना ठाऊक आहे, त्याला उद्देशून बोलायचे, आणि ते समारंभपूर्वक बोलायचे, यात मला श्रद्धेचे मूळ दिसते. पुढे वर्षभराने ते मूल ‘मम्’ असा नुसता ध्वनी काढते, तेव्हा आई भात कालवू लागते, शेजारीण पाणी पुढे करते, आजी ‘भूक लागली गं माझ्या सोन्याला’ म्हणते. अर्थ अजून त्या ध्वनीत उतरलेला नसतो, पण घरादाराने तो आहेच असे धरून उत्तर दिलेले असते, आणि मला वाटते, त्या उत्तरामुळेच तो उतरतो.

आता ज्या शब्दासाठी हा प्रपंच केला त्याकडे येतो. १८९३ पासून केशवजी नाईकांच्या चाळीत गणपती बसतो, १९३४ पासून लालबागच्या बाजारात बसतो; या टापूतले मूल बापाच्या खांद्यावरून त्या मूर्तीकडे बोट करून ‘बाप्पा’ म्हणते, मग भिंतीवरच्या कॅलेंडरलाही म्हणते, चंद्रालाही म्हणते. ही प्रार्थना मानावी काय? निव्वळ अनुकरण म्हणून ती निकालात काढणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की देवाचे नाव त्याचे स्वरूप जाणून मग प्रथम उच्चारले, असा प्रौढ तरी कोण आहे? वारकरी पंथात नाम आधी आहे, ज्ञान मागून. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाने मरणसमयी नारायण नावाच्या आपल्या मुलाला हाक मारली आणि तेवढ्या नामोच्चाराने तो यमदूतांच्या हातून सुटला. त्याच्यापाशी नाव होते, पण हाक देवाला नव्हती. बालकापाशी देवाची ओळख नाही, पण त्याची हाक समोरच्या तेजाकडे सर्वांगाने धावलेली आहे. या दोहोंत उपासनेच्या जवळ कोण, असा कौल मागितला तर मी बालकाच्या बाजूने देईन.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. ज्या मुलाला जन्मतः ऐकूच येत नाही, त्याच्या कानात ‘वाक्’ म्हटले काय आणि न म्हटले काय! वाणी म्हणजे ध्वनीच असेल तर हे मूल तिच्या राज्याबाहेर राहते, आणि प्रजापतीची कथा त्याच्यापुरती खोटी ठरते. पण वाणीचा प्रारंभ उत्तरात असेल, तर त्याच्या हातांच्या खुणेला ती खूणच आहे असे मानून जो कोणी खुणेने उत्तर देतो, तो पित्याने करावयाचा विधीच पार पाडीत असतो. म्हणून अशा मुलाने मंडपात हात जोडलेले पाहून त्याच्या आईने शेजारणीला ‘आज हा बाप्पाशी बोलला’ असे सांगितले, तर ते विधान लाक्षणिक न मानता मी शब्दशः खरे मानीन.