डागाच्या आजूबाजूचं कापड

देवबापा, नळ आला. तुझं नाव घेण्याआधी मी पिंपाचं झाकण काढलं, हे तू बघितलंसच. रागावू नकोस. आमच्या गल्लीत पाणी कोणासाठी थांबत नाही, आणि तू थांबतोस हे मला अनुभवानं ठाऊक आहे. पिंप भरायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुझा. गुडघे टेकत नाही, खाली सगळं ओलं आहे.

पाण्याबद्दल तुझे उपकार. आज धार बोटाएवढी आहे, परवा सुतळीएवढी होती. पलीकडच्या शेडमध्ये रात्रपाळीचे लूम चालू आहेत, त्याबद्दलही उपकार. परगावचा पाहुणा आला की विचारतो, या खडखडाटात तुम्हाला झोप कशी लागते? त्याला काय सांगणार, आमची झोप उडते ती आवाज बंद झाल्यावर. लूम थांबले की माणसं अंथरुणात उठून बसतात. वीज गेली, मालकानं माल थांबवला, की गावात काही झालं? भिवंडीतली १९८४ ची दंगल ज्यांनी पाहिली त्यांच्या कानात त्या दिवसांतली शांतता अजून बसली आहे. म्हणून हा खडखडाट ऐकू येतोय तोवर, बापा, तुझी उपकारस्तुती.

झालं. दोन गोष्टी मोजल्या आणि माझी गाडी अडली.

रविवारी मंडळीत पाळकसाहेब सांगतात, आठवडाभराच्या आशीर्वादांसाठी ज्याला उपकारस्तुती करायची आहे त्यानं उभं राहावं. मी उभा राहतो. आरोग्य, नोकरी, मुलंबाळं, सुखरूप प्रवास, एवढं म्हणतो आणि बसतो. समारंभाच्या शेवटी चिटणीस आभारप्रदर्शनाला उभे राहतात ना, मंडपवाले, माइकवाले, ज्ञात-अज्ञात सर्व, आणि तोवर लोक चपला शोधू लागलेले असतात, अगदी तसं. कधी कधी वाटतं, माझी प्रार्थना सुरू झाली की तूही चपला शोधत असशील.

थोडा दोष माझ्या धंद्याचाही आहे. बावीस वर्षं मी ग्रे कापड तपासतोय. काचेचं तिरकं टेबल, खालून ट्यूबलाइट, आणि काचेवरून सरकत जाणारं कोरं कापड. शंभर मीटरचा तागा डोळ्यांखालून जातो आणि त्यातलं नव्याण्णव मीटर मला दिसतच नाही. दिसतो तेलाचा डाग. दिसते तुटलेली तार, बाणा विरळ पडल्याचा पट्टा. तिथे खडूची रेघ मारायची, वहीत किती मीटरवर ते लिहायचं, पुढे. चांगल्या कापडासाठी त्या वहीत रकाना नाही. माझ्या रेघेनं कारागिराची मजुरी कापली जाते, त्यामुळे शेडमध्ये शिरलो की माझ्याकडे कोणी हसून बघत नाही, तेही बरोबरच आहे.

हा डोळा टेबलावर ठेवून घरी येता येत नाही, बापा. बायको ताट वाढते आणि मला भाकरीचा करपलेला कोपरा दिसतो. पोरगा मानकोलीच्या गोदामात रात्रभर पार्सलं उचलून पगार आणतो आणि मला दिसतं ते त्याचं रविवारी मंडळीत न येणं. तुझ्याकडेही मी याच डोळ्यानं बघत आलोय. बावन्न वर्षांचा तागा तू माझ्यासमोर सोडलास, आणि माझ्या वहीत काय आहे? बाबा लवकर गेले. दहावीला शाळा सुटली. दुसरं मूल पोटातच गेलं. तीन रेघा मला पाठ आहेत, मीटर नंबरासकट. मधलं कापड कुठे गेलं, मला सांगता येणार नाही.

आईला हे जमायचं. ती नगर जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, आणि दुष्काळ सरल्यावर बाबांच्या मागोमाग भिवंडीला आली. तिच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, झाकणाला खिळ्यानं पाडलेली चीर. घरात काही बरं घडलं की त्यात नाणं पडायचं. माझा ताप उतरला, दहा पैसे. गावाहून पत्र आलं, पाच पैसे. वर्षाच्या शेवटी डबा मंडळीत अर्पणाला जायचा. वसईकडचे ख्रिस्ती लोक ऑक्टोबरात आगेरा करतात, नव्या भाताच्या ओंब्या देवळात नेतात. आमच्याकडे ना शेत ना ओंबी. आईनं एका वर्षी डब्यासोबत वीतभर ग्रे कापड नेऊन ठेवलं होतं. ते पाळकांनी घेतलं की नंतर कोणी फळा पुसायला नेलं, ते तुलाच माहीत.

एके दिवशी कारखान्यात बाबांच्या डाव्या हाताचं बोट गेलं. पट्ट्यात सापडलं. हाताला फडकं गुंडाळून ते घरी आले, आणि त्या संध्याकाळी डब्यात नाणं वाजलं. मी नऊ वर्षांचा होतो. विचारलं, आज कशाचं? आई म्हणाली, "नऊ राहिली ना." बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. बापा, आज विचार करतो तेव्हा मला त्या नाण्याचंही पटतं आणि त्या भिंतीचंही. तुलाही दोन्ही पटत असणार, असं मी धरून चालतो. नाहीतर स्तोत्रांच्या पुस्तकात तू एवढा आक्रोश ठेवला नसतास.

नऊवरून आठवलं. तुझ्या पुत्रानंही एकदा नवांची चौकशी केली होती. दहा कुष्ठरोगी बरे झाले, एक परत आला, आणि तो शोमरोनी निघाला, परका. यहुद्यांनी ज्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही असा. लहानपणी वाटायचं, ते नऊ कृतघ्न. आता वाटतं, घाईत होते बिचारे. याजकाला अंग दाखवायचं, दाखला मिळवायचा, किती वर्षांनी घरी जायचं. मी असतो तर त्या नवांतच असतो, आणि वाटेत म्हणत असतो की याजकानं किती वेळ ताटकळत ठेवलं.

परत येणारा माझ्या शेडमध्ये आहे. लूमची देखभाल करणारे आमचे जॉबरचाचा. त्यांचे वाडवडील मऊ-आझमगढकडून हातमाग घेऊन इकडे आले. चाचांना मधुमेह आहे, एका डोळ्यानं कमी दिसतं, तीन महिन्यांची मजुरी थकलेली. रोज सकाळी विचारतो, काय चाचा, कसं काय? ऑइलचा डबा खाली ठेवून, माझ्याकडे वळून म्हणतात, "अल्लाह का शुक्र है." ऑइलचा डबा खाली ठेवतात, बघ. हातात काम घेऊन म्हणत नाहीत. मी तुझं वचन लहानपणापासून ऐकलेला माणूस, आणि हे मला त्यांच्याकडे बघून शिकावं लागतं. त्यांच्याबद्दल तुझे उपकार. त्यांची थकलेली मजुरी मिळू दे, हे मागणं उपकारस्तुतीत बसत नसेल तरी इथेच लिहून घे.

आता जे बोलायचं टाळतोय ते बोलतो. पिंप अर्धं झालंय.

२१ सप्टेंबर २०२० ची पहाट. पटेल कंपाऊंडमधली तीन मजली इमारत माणसं झोपेत असताना खाली बसली. बातमी कळली, मी आमच्या भिंतीला हात लावला, आणि तोंडातून निघालं, देवा, तुझे उपकार, आम्ही वाचलो. मनापासून निघालं. बावन्न वर्षांत इतकी खरी उपकारस्तुती मी क्वचितच केली असेल. तासाभरानं त्या बाजूला गेलो. ढिगाऱ्यातून एक पाळण्याची दोरी बाहेर लोंबत होती. एक बाई कोणाचं तरी नाव घेऊन हाका मारत होती, आणि मघाचं माझं वाक्य मला तिच्यासमोर उभं राहून म्हणता आलं नसतं. बापा, जे वाक्य तिच्यासमोर म्हणता येत नाही ते तुझ्यासमोर कसं म्हणालो?

तेव्हापासून मला येशूच्या दाखल्यातल्या त्या परुश्याची भीती वाटते. मंदिरात उभा राहून तो काय करत होता? उपकारच मानत होता. इतर माणसांसारखा आपण नाही, याबद्दल. शुभवर्तमानातली सगळ्यात ओंगळ प्रार्थना उपकारस्तुतीनंच सुरू होते, हे आम्हाला रविवारच्या शाळेत कोणी सांगितलं नाही. शेजारच्याचं ताट रिकामं आहे हे बघून माझ्या ताटाची चव वाढत असेल, तर तसले आभार माझ्याकडून घेऊ नकोस. परत पाठव. डॅमेज म्हणून बाजूला टाक.

मग वाचलो याबद्दल काहीच म्हणू नये का? म्हणावंसं तर वाटतं. पोरगा त्या रात्री पाच हातांवर झोपला होता, श्वास घेत होता. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, थेस्सलनीकाकरांना पौलानं सर्व स्थितीत उपकार मानायला सांगितलं, सर्व स्थितीबद्दल नव्हे. ढिगाऱ्यात उभं राहून देवाकडे तोंड ठेवता येतं, ढिगाऱ्याबद्दल आभार मानावे लागत नाहीत. बरं वाटलं. मग घरी पुस्तक उघडलं तर इफिसकरांना त्यानंच सर्व गोष्टींबद्दल असं लिहिलेलं. तो हिशेब मला अजून लागलेला नाही. पौल स्वतः तंबू करणारा, करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर बसून काम करायचा, म्हणजे आमच्याच धंद्यातला. कापड हातात आलं की त्याचाही डोळा आधी डागावर जात असणार. वर गेल्यावर त्याच्याशी एकदा बसायचं आहे.

मला धीर येतो तो दुसऱ्याच एका गोष्टीनं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब ती रात्र आठवतात. ज्यानं धरून द्यायचं तो ताटाशी बसलेला, बाहेर माणसं जमवलेली, आणि येशूनं भाकर हातात घेऊन आधी उपकार मानले. वाचलो म्हणून मानले नाहीत, वाचणार नव्हताच. त्या भाकरीत स्वतःचं अंग दिसत असताना मानले, आणि ती वाटून टाकली. अशी उपकारस्तुती त्या हाका मारणाऱ्या बाईसमोरही करता आली असती. मला ती येत नाही. शिकव म्हणायलाही घाबरतो, कारण शिकवायची तुझी पद्धत मला माहीत आहे.

आईची आठवण निघाली आहे तर हेही. ती भाकरी थापताना ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची, टाळ नसला तर परातीवर बोटं. त्या टिळकांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसानं नवा करार दिला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत. त्या पुलावरून आमच्यासारखे किती आले. आईच्या उशाशी पंडिता रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराची एक जुनी प्रत होती. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात टाकून दिलेल्या बायकांनी खिळे जुळवले, आणि रमाबाई १९२२ मध्ये गेल्यावर दोन वर्षांनी ते पूर्ण पुस्तक बाहेर आलं. तुझ्याशी मी अंगणात बसल्यासारखा बोलतो, ते त्या बायकांच्या काळ्या झालेल्या बोटांमुळे. आगगाडीतल्या त्या माणसाबद्दल आणि त्या बोटांबद्दल तुझे उपकार. हे रविवारी म्हणायला हवं होतं. तिथे सुखरूप प्रवासावर थांबलो.

पिंप भरत आलं. एकच गोष्ट मागतो. वधस्तंभाखाली शिपायांनी तुझ्या पुत्राचे कपडे वाटून घेतले, पण अंगरखा फाडला नाही. वरपासून खालपर्यंत सलग विणलेला होता, शिवण नव्हती, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. बावीस वर्षं कापड बघतोय, मला माहीत आहे असं विणायला काय लागतं. कोणीतरी कारागीर होता. त्याचं नाव कुठे नाही, पण ज्यांनी एवढं सगळं फाडलं त्यांचाही हात त्याच्या कामापाशी थांबला. आज टेबलावर बसेन तेव्हा निदान एका ताग्यात मला ते नव्याण्णव मीटर दिसू दे. ज्यानं विणलं त्याला शेडमध्ये जाऊन सांगेन, कापड चांगलं आलंय. तो घाबरेल, मजुरी कापायला आला असं वाटेल त्याला. तरी सांगेन.

आणि पोरगा. तो मंडळीत येत नाही याबद्दल मी तुला रोज सांगतो. आज नाही सांगत. गोदामात रात्री बारानंतर पाय सुजतात म्हणून तो बूट दोन नंबर मोठा घेतो, हे मला परवा कळलं. त्या बुटाबद्दल, आणि ते सुजलेले पाय तो रोज याच घरात आणून ठेवतो त्याबद्दल

थांब, कडी वाजली. आला वाटतं. चहा टाकतो. बाकीचं रात्री. आमेन.