घरच्या चवीचे ऋण

परमुलखात राहणाऱ्या माणसाला गावाकडच्या जेवणाची आठवण छळते, हा विषय आपल्याकडे हळवेपणाने नाहीतर चेष्टेने हाताळला जातो. त्यातला धर्मविचाराचा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो: ही ओढ म्हणजे आसक्तीच समजायची का? आपल्या परंपरेने जिभेवर फार कडक पहारा बसवला आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधातला अवधूत गळाला लागून मरणाऱ्या माशाला गुरू मानतो आणि बजावतो, की बाकीची सगळी इंद्रिये जिंकली तरी जीभ जिंकल्याखेरीज माणूस जितेंद्रिय होत नाही. उपाशी माणसाचे विषय सुटतात, पण त्यांची गोडी मागे उरते, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायाने हेरले आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी अस्वाद हे स्वतंत्र व्रत म्हणून समजावले. अन्न घ्यायचे ते औषधासारखे, देहाला लागेल तेवढे. या हिशेबाने दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून पिठल्या-भाकरीसाठी झुरणारा माणूस साधनेच्या पहिल्या पायरीवरसुद्धा उभा नाही. माझे म्हणणे असे, की ही कसोटी त्याला लावण्यात गल्लत होते आहे. त्याची ओढ मुळात ऋणाची आहे, आणि ऋणाचा न्याय लालसेच्या न्यायापेक्षा वेगळा असतो.

लालसेची खूण अशी, की अधिक चांगले पुढे आले की ती पहिले विसरते. परदेशस्थाची ओढ नेमकी उलट वागते. पंचपक्वान्ने समोर असतानाही तिला हवा असतो आमटी-भात, नाचणीची भाकरी, ठेचा, सुकटीची चटणी. यांतले बरेचसे पदार्थ गरिबीचे आणि रोजचे आहेत. सणाची पुरणपोळीही आठवते, पण जीव अडकतो तो रोजच्या ताटात. दुसरा पुरावा मुंबईच्या डब्याचा. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा व्यवसाय ज्यांनी वाढवला ती माणसे बहुतांशी खेड, मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातली. म्हणजे स्वतः घर सोडून आलेली माणसे इतरांच्या घरचे जेवण पोहोचवत राहिली. पुढे या शहरात उपाहारगृहे मुबलक झाली. तरीही सव्वाशे वर्षांहून अधिक काळ डबा टिकला याला काटकसर आणि सोवळेओवळे ही कारणे आहेतच, पण तेवढ्यावर तो टिकला नसता. खाणाऱ्याला आपले अन्न कोणाच्या हातचे आहे हे ठाऊक असावे असे वाटते, आणि त्या हाताशी नाते रोज एकदा ताजे व्हावे असेही.

तिसरा पुरावा धर्माच्याच प्रांतातला आहे. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे आपले शनवार तेली, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. धर्माच्या दृष्टीने ते परदेशी गेले नव्हते. ज्या भूमीची प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या केली तिथे पोहोचले होते. तिथे पोहोचूनही एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करण्याची चाल त्यांनी सोडली नाही, आणि त्या मलिद्यात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे असतात. वचनदत्त भूमीत देवाचे आभार मानायलाही कोकणचे पोहेच लागावेत, याचा अर्थ लालसेच्या सिद्धांताने लागत नाही. ज्या मातीने आणि ज्या शेजाऱ्यांनी शतकानुशतके पोसले त्यांची नोंद देवासमोर झालीच पाहिजे, ही त्यामागची धारणा आहे.

अन्नाचे नाते किमतीत मावत नाही, हे पौडच्या परिसराला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पौड हे मुळशी तालुक्याचे ठाणे. तिथून पश्चिमेला मुळा नदी अडवून टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले, तेव्हा एप्रिल १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे त्याचे एक पुढारी. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले तेही याच लढ्यात. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात या लढ्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. बुडणार होती ती भातखाचरे. तांदूळ ही निव्वळ वस्तू असती तर जमिनीचा मोबदला घ्यायचा आणि बाजारातून तांदूळ आणायचा, एवढ्यावर प्रश्न मिटला असता. तो मिटला नाही. लढा हरला, मुळशीचे पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला उतरले आणि त्यातून निघालेली वीज मुंबईच्या कामी आली. त्याच मुंबईत गिरणगावातला कामगार गाव सोडून खानावळीत जेवत होता. त्याचे घरगुती जेवण रांधणाऱ्या बायका कर्जात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते त्यांच्यासाठी. आपण ज्याला घरची चव म्हणतो तिच्यामागे इतके देणे साचलेले असते. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर चौथे मनुष्यऋण सांगितले आहे, आणि ते फेडण्याचा मार्गही: माणसांना आसरा द्यावा, अन्न द्यावे. परदेशस्थाच्या मनात सलते ते हे चौथे ऋण.

यावर पहिला आक्षेप असा, की आठवणीतली चव खोटी असते. जे आठवते ते गावातही उरलेले नसते. आक्षेपात तथ्य आहे. आंबेमोहर हा मुळशीचा मानाचा तांदूळ, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण त्याचा उतारा कमी, उंच वाढून लोळणारे पीक, म्हणून शेतकरी इंद्रायणीकडे वळला. आणि वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला हा वाण आंबेमोहराच्याच संकरातून निघालेला. बाजारात आंबेमोहर या नावाने विकला जाणारा तांदूळ सगळा खरा नसतो, हेही खरे. मात्र यातून आठवण खोटी ठरत नाही. सावकार बदलला किंवा वारला म्हणून कर्ज बुडत नाही. उलट, ज्याला आंबेमोहराचा वास आठवतो त्याने शेतकऱ्याला तो तोट्याचा वाण का सोडावा लागला, हे विचारायला हवे. नुसता उसासा टाकणारा आणि असा प्रश्न विचारणारा यांत फरक आहे, आणि आसक्ती व ऋण यांची सीमा तिथेच आखली जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरच्या अन्नाचा अभिमान म्हणजे आपल्याकडे बहुधा जातीचा अभिमान. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जितकी माणसे अडवली गेली तितकी देवळाच्या दारातही अडवली गेली नसतील. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या समाजात शाहू पाटोळे यांना मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यपरंपरेवर लिहिलेल्या पुस्तकाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असे नाव द्यावे लागले. शिवाय ‘आईच्या हातची चव’ म्हणत तिच्या चुलीपुढच्या आयुष्याचे कौतुक करणे हे तिचे कष्ट झाकण्याचे सोयीचे साधन आहे. दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. म्हणूनच ‘प्रेम’ किंवा ‘संस्कृती’ असे शब्द न वापरता मी ऋण म्हणतो. प्रेमाने हिशेब लपवता येतो, ऋणाला तो मांडावाच लागतो. जेवण कोणी रांधले, तिला काय मिळाले, धान्य कोणी पिकवले, पंगतीबाहेर कोणाला बसवले, हे सारे हिशेबात येते. हा हिशेब टाळून केलेली आठवण अवधूताच्या माशाच्या जातीची, आणि तिला आसक्ती म्हणायला माझी हरकत नाही.

राहता राहिले अस्वादव्रत. लालसा जितकी पुरवावी तितकी वाढते, म्हणून तिच्यावर संयम हाच उपाय. देण्यावर संयम चालत नाही, ते फेडावे लागते; आणि मनुष्यऋण फेडण्याची जागा शोधायला फार लांब जावे लागत नाही. याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे. तिथे बंगालहून, केरळहून, बिहारहून आलेली माणसे आपापल्या मोहरीच्या, खोबरेलाच्या, सुक्या मासळीच्या वासासाठी झुरत असतात, आणि खाण्यापिण्यावरून भाड्याचे घर नाकारण्याची रीत आपल्या शहरांना नवी नाही. शतपथाने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी, आसरा आणि अन्न, इथे एकाच दारात मागितल्या जातात. लेक टेक्सासात मेतकूट शोधते म्हणून हळहळणाऱ्या घरमालकाने खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या फोडणीला नाक मुरडले, की त्या घरची आठवण ऋणाच्या खात्यातून उतरून पुन्हा जिभेच्या खात्यात जमा होते.