छेदस्थानी भिलाई

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८९० साली आत्मसन्मानाचं एक गणित मांडलं. अंशस्थानी यश, छेदस्थानी अपेक्षा, आणि भागाकार येईल तेवढा आत्मसन्मान. गणित शाळकरी पोरालाही कळेल इतकं सोपं, म्हणूनच त्यातली मेख चटकन ध्यानात येत नाही. यश डोळ्यांना दिसतं. ते मार्कशीटवर छापून येतं, पगाराच्या स्लिपवर उमटतं. अपेक्षा मात्र कुठेच लिहिलेली नसते. ती घरात, गल्लीत, नात्यातल्या लग्नकार्यात तयार होते आणि माणूस ती आपलीच समजून आयुष्यभर वागवतो. आत्मसन्मान मोजायच्या बहुतेक प्रश्नावल्या या भागाकाराचं उत्तर तेवढं टिपतात. छेदस्थानी काय होतं, ते विचारत नाहीत.

या प्रश्नावल्यांत सर्वाधिक वापरली गेलेली म्हणजे मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाची. न्यूयॉर्क राज्यातल्या दहा सार्वजनिक शाळांमधल्या पाच हजारांवर विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर त्यानं १९६५ साली पुस्तक लिहिलं, त्यातली ही दहा विधानं. पाच सरळ, पाच उलटी. आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत, स्वतःबद्दल समाधानी आहोत, अशा अर्थाची काही. आपला काही उपयोग नाही असं कधीकधी वाटतं, अशा अर्थाची काही. प्रत्येकापुढे पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंत चार पर्याय. उलट्या विधानांचे गुण उलटे धरायचे आणि बेरीज करायची. ती शून्य ते तीसमध्ये येते. पाच मिनिटांत काम होतं, खर्च एका कागदाचा. मुलांसाठी बेतलेली ही पट्टी पुढं मोठ्यांनाही लावली गेली आणि जगभर पसरली. पंधराच्या खालचा आकडा पुष्कळ ठिकाणी ‘कमी’ मानतात, पण ती रेषा सोयीची आहे, निदानाची नव्हे.

पट्टी वाईट नाही. मात्र तिला मर्यादा आहेत आणि त्या अभ्यासकांनीच दाखवल्या आहेत. डेव्हिड श्मिट आणि युरी आलिक यांनी २००५ मध्ये ५३ देशांतली उत्तरं एकत्र पाहिली, तेव्हा उलटी विधानं सगळीकडे सारख्याच अर्थानं घेतली जात नाहीत असं दिसलं. आपल्याकडे अडचण सरळ विधानांपाशीही येते. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुती करणारा आहे. ‘आपल्या तोंडानं आपली टिमकी वाजवू नये’ हे ऐकत वाढलेली मुलगी ‘माझ्यात बरेच चांगले गुण आहेत’ अशा आशयाच्या विधानापुढे पेन्सिल घेऊन थबकते आणि ‘असहमत’च्या चौकटीत खूण करते. तिचे दोन गुण तिथंच गेले. तिला स्वतःबद्दल कमी वाटतं असं नाही. तसं म्हणणं तिला बरं दिसत नाही. शिवाय मायकेल केर्निस यांनी दाखवून दिलं की आत्मसन्मान किती उंच, याइतकंच तो रोज किती हेलकावे खातो हेही महत्त्वाचं. एका दिवशी भरलेल्या कागदात हेलकावे दिसत नाहीत.

छेद कसा घडतो ते पाहायला छत्तीसगडमधल्या भिलाईला जावं. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होतं त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आंध्र, ओडिशा, बिहार, केरळ, पंजाब आणि आपल्या विदर्भातूनही माणसं आली. रेल्वे रुळांच्या दक्षिणेला आखीव सेक्टर वसले: कंपनीची क्वार्टर्स, शाळा, सेक्टर ९ चं मोठं इस्पितळ. उत्तरेला पॉवर हाऊसचा बाजार आणि त्यापलीकडे कॅम्प-१, कॅम्प-२. कारखाना उभा राहत असताना मजुरांच्या ज्या छावण्या पडल्या, त्यांची ही नावं. छावण्या कधीच गेल्या, नावं राहिली. तेव्हापासून गावात माणसाची ओळख दोन प्रकारांनी होते: कारखान्यात कायम नोकरी असलेला आणि ठेकेदाराकडे कामावर जाणारा. १९८० च्या दशकात खाणी धरून साठ हजारांच्या वर कायम कामगार होते. नंतर ही संख्या निम्म्याहून खाली आली. नोकऱ्या आटल्या, नोकरीवरून माणूस ओळखायची सवय मात्र आटली नाही.

आता समजा, सेक्टरमधला एक सोळा वर्षांचा मुलगा आणि कॅम्प-१ मधला एक, दोघांनी ती दहा विधानं भरली आणि दोघांचेही अठरा गुण आले. कागद म्हणतो, दोघं सारखे. सेक्टरमधल्याचे वडील कायम कामगार, मोठी बहीण इंजिनीअर, घरात ‘आयआयटी’ हा शब्द जेवणाच्या ताटावर रोज येणारा. कॅम्पमधल्याचे वडील ठेक्यावर आणि घराण्यात दहावी पास होणारा तोच पहिला. पहिल्याला नव्वद टक्के म्हणजे घसरण, दुसऱ्याला साठ टक्के म्हणजे पेढे. अठरा हा आकडा दोन वेगळ्या अपूर्णांकांचं उत्तर आहे.

ही नुसती कल्पना नाही. रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांनी १९६८ मध्ये बाल्टिमोरच्या शाळांतली मुलं तपासली. वर्णद्वेषाचे चटके सोसणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान कमी असणार अशी सगळ्यांची खात्री होती. तसं आढळलं नाही. ती मुलं स्वतःला दूरच्या गोऱ्या वस्तीशी ताडून पाहत नव्हती. शेजारच्या, वर्गातल्या, आपल्यासारख्याच मुलांशी पाहत होती. छेद शेजारी ठरवतो.

भिलाईत याची दुसरी, जास्त दुखरी बाजू दिसली. मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी या गावाचा दीर्घकाळ अभ्यास केला. इथल्या कामगारवर्गावरचा त्यांचा ग्रंथ २०२० मध्ये आला. त्याआधी २०१२ मध्ये त्यांनी भिलाईतल्या आत्महत्यांवर लेख लिहिला. त्यांच्या म्हणण्यानुसार बळी गेलेल्यांत बहुसंख्य सर्वांत गरीब घरांतले नव्हते. ते कायम नोकरदारांच्या घरांतले होते. अशा मृत्यूंचं एकच एक कारण कधीच नसतं, आणि पॅरीही तसं सांगत नाहीत. पण बापाच्या पायरीवर मुलाला उभं राहता येईल का, ही धास्ती त्यांना त्या घरांत ठळक दिसली. अंश लहान म्हणून नव्हे, छेद फुगलेला म्हणून माणूस शून्याकडे सरकतो.

मग उपाय काय? शाळा आणि कोचिंग क्लास सहसा ‘आत्मविश्वास वाढवा’ शिबिर घेतात. हा प्रयोग कॅलिफोर्नियानं सरकारी खर्चानं करून पाहिला आहे. जॉन व्हास्कॉन्सेलॉस या लोकप्रतिनिधीच्या आग्रहावरून तिथं १९८६ मध्ये आत्मसन्मानासाठी कृतिदल नेमलं गेलं आणि १९९० मध्ये त्याचा अहवाल आला. आत्मसन्मान वाढला की गुन्हे, व्यसनं, नापास होणं कमी होईल अशी आशा होती. २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळून सांगितलं की उंच आत्मसन्मानाचा आनंदी असण्याशी संबंध आहे, पण त्यानं गुण वाढत नाहीत. उलट गुण मिळाल्यावर तो थोडा वाढतो.

दुसरा सल्ला असा की छेदच लहान करा, अपेक्षा कमी ठेवा. जेम्सच्या गणितात तो बसतो. पण तिथं मी थांबतो. २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकरांनी नेमकं उलटं केलं. पिढ्यान्पिढ्या ज्यांना ‘एवढंच तुमचं’ असं सांगितलं गेलं, त्यांचा छेद त्यांनी वाढवला. चवदार तळ्याचं पाणी हा आपला हक्क आहे, ही अपेक्षा जागी केली. भिलाईत कामगार नेते शंकर गुहा नियोगींनी ठेका कामगारांपाशी तेच केलं. २८ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांची हत्या झाली आणि १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. अशा काळात कुणी त्या दहा विधानांचा कागद वाटला असता तर आकडा कदाचित घसरलेलाच दिसला असता. आपल्याला कमी मिळतंय हे कळणं, ही स्वाभिमानाची पहिली खूण असते. निमूट मजुराला भरपूर गुण आणि जाग्या झालेल्याला कमी, असं मोजमाप घडू शकतं.

म्हणून छेद लहान की मोठा यापेक्षा तो कुणाचा, हे महत्त्वाचं. महाडचा छेद लोकांनी स्वतः उचलला होता. कोचिंगला जाणाऱ्या पोराचा छेद बहुधा बापाच्या पगारानं आणि शेजाऱ्याच्या मुलाच्या रँकनं ठरवलेला असतो.

शिवाय हा आकडा आयुष्यभर तसाच राहत नाही. उलरिख ऑर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले; आत्मसन्मान साठीपर्यंत चढत जातो आणि सत्तरीनंतर उतरतो असं दिसलं. म्हणजे सोळाव्या वर्षीचा आकडा कपाळावरची रेघ नव्हे. कि. मो. फडके यांनी ज्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत आणली, ते अल्बर्ट एलिस तर म्हणत की कृतीला गुण द्या, माणसाला देऊच नका.

एवढं सगळं मानूनही मी ही प्रश्नावली टाकून द्या म्हणणार नाही. ती गप्पांची सुरुवात म्हणून वापरावी. तिचा आकडा मुलाच्या हातात देऊ नये, नोटीस बोर्डावर लावू नये. वर्षातून एकदा नव्हे, अधूनमधून भरून घ्यावी. आणि समुपदेशकानं अकरावा प्रश्न तोंडी विचारावा: तू स्वतःला कुणाशी ताडून पाहतोस, आणि तो माणूस कुणी निवडला? आधी आईवडिलांनी हा कागद भरावा. रोझेनबर्गच्या त्याच अभ्यासात एक साधी गोष्ट निघाली होती. ज्यांच्या पालकांना मुलांचे मित्र ठाऊक नव्हते, प्रगतिपुस्तकाबद्दल ज्यांच्या घरी कुणी काही बोलत नसे, जेवताना ज्यांना कुणी बोलतं करत नसे, अशा मुलांचा आत्मसन्मान कमी होता. रागावणाऱ्या पालकांपेक्षाही बेफिकीर पालकांची मुलं खाली होती. या दिवाळीत फराळाला बसाल तेव्हा मुलाला रँक विचारू नका. त्याच्या तीन मित्रांची नावं तुम्हाला येतात का, ते पाहा.