मोजून वाचावं का?

मंडळाच्या सहलीत हाउजी खेळला नाही असा मराठी माणूस अमेरिकेत शोधूनही सापडायचा नाही. पहिली ओळ, चार कोपरे, फुल हाउस! त्यामुळे गेल्या मार्चमध्ये आमच्या वाचनकट्ट्यावर एका मैत्रिणीने चौकटींचे कागद वाटले, तेव्हा पुस्तकांच्या गप्पा सोडून आज हाउजीच खेळायची, असंच सगळ्यांना वाटलं. पण चौकटींत आकडे नव्हते. एकीत लिहिलं होतं 'आत्मचरित्र', दुसरीत 'शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक', तिसरीत 'टोपणनावाने लिहिलेलं', आणखी एकीत 'तुमच्या जिल्ह्यातली लेखिका'.

बिंगो हे हाउजीचंच अमेरिकन भावंड. पाच ओळी, पाच रांगा, पंचवीस चौकटी, मधली मोकळी. इथल्या सार्वजनिक लायब्रऱ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी असं पुस्तकांचं बिंगो ठेवतात. सिएटलसारख्या शहरात ते मोठ्यांसाठीही असतं. चौकटीत बसणारं पुस्तक वाचायचं आणि फुली मारायची. मैत्रिणीने त्यात एकच अट घातली होती: पंचवीसही पुस्तकं स्त्रियांनी लिहिलेली हवीत. मार्च हा इथे स्त्रियांच्या इतिहासाचा महिना. अमेरिकन काँग्रेसने १९८७ साली तसा ठराव केला. म्हणून सुरुवात मार्चमध्ये आणि निकाल कोजागिरीला.

कट्ट्यावरचे एक काका लगेच म्हणाले, "अहो, पुस्तकाला कुठलं आलंय लिंग? आणि असलंच तर नपुंसकलिंग. 'ते' पुस्तक!" सगळे हसले. मी तर सर्वांत मोठ्याने हसले. वर म्हणाले, "मी पुस्तक वाचते, लेखक पुरुष आहे की बाई ते बघत नाही. चांगलं असलं की झालं." मी स्वतः बाई असल्यामुळे माझ्या बोलण्याला जरा जास्तच वजन आलं. मैत्रिणीने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "घरी जाऊन कपाट मोज."

आमचं मराठी पुस्तकांचं कपाट बेसमेंटमध्ये आहे. बत्तीस वर्षांत लोणच्याच्या बरण्या आणि चकलीच्या भाजणीशी वजनात स्पर्धा करत, बॅगांतून आलेली ही पुस्तकं. मोजली तर चौऱ्याऐंशी भरली. त्यांतली स्त्रियांनी लिहिलेली पंधरा, आणि त्या पंधरांतली चार स्वयंपाकाची. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' हातात घेतल्याबरोबर पुरणपोळीच्या पानावर उघडली. त्या पानाला हळदीचा डाग आहे. १९७० साली निघालेल्या त्या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापाने परदेशातल्या किती संसारांना जेवू घातलं असेल! ज्या लेखिकेचा शब्द मी अक्षरशः पाळत आले, ती मला लेखिका म्हणून कधी आठवलीच नव्हती.

पंधरा आकडा बघून मला आधी रागच आला. मी कधी कुठल्या लेखिकेला नाही म्हटलं होतं? कुणीच म्हटलं नव्हतं. शाळेत जे धडे होते ते वाचले, कॉलेजात ज्यांची चर्चा होती ते वाचले, लग्नात जी पुस्तकं आली ती आणली. निवड झाली होती, पण ती मी केली नव्हती. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचंच बघा. १८७८ पासून २०२५ पर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलनं झाली. त्यांत अध्यक्षपदी स्त्रिया सहा: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. पहिली स्त्री अध्यक्ष यायला १९६१ साल उजाडलं. स्त्रियांनी अध्यक्ष होऊ नये असा नियम कुणी केला असेल असं मला वाटत नाही. नियमाची गरजच पडली नसावी.

त्या रात्री लेकीशी फोनवर बोलताना हे सगळं सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, "आई, मी नववीत असताना तू माझ्या टीचरला पत्र लिहिलं होतंस, आठवतं?"

आठवत होतं. तिच्या इंग्रजीच्या वर्गात वर्षभर वाचायच्या पुस्तकांची यादी आली होती. मी ती ओळीने मोजली होती. एकही भारतीय नाव नव्हतं. मी पत्र लिहिलं, की या वर्गात इतकी भारतीय मुलं आहेत, निदान एक तरी पुस्तक असावं. शिक्षिकेचं उत्तर अतिशय सौजन्याचं होतं: आम्ही लेखक कुठला आहे ते बघत नाही, पुस्तकाचा दर्जा बघतो. त्या वाक्याने मी आठवडाभर धुमसत होते. अख्ख्या भारतात यांना एक दर्जेदार पुस्तक सापडलं नाही? आणि आता, वाचनकट्ट्यावर चहा पिता पिता, मी तेच वाक्य मराठीत म्हणून आले होते!

मंडळी, माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे. जिथे आपण थोडे असतो तिथे आपण मोजतो. जिथे आपण पुष्कळ असतो तिथे मोजणं आपल्याला कोतेपणाचं वाटतं. ज्याची कणगी भरलेली आहे त्याला पायलीचा हिशेब क्षुद्र वाटावा, तसं. अमेरिकेत आपण अल्पसंख्य आहोत, म्हणून शाळेच्या यादीत, टीव्हीवर, कंपनीच्या संचालक मंडळात आपली नावं किती ते चटकन दिसतं. पण आपल्याच कपाटासमोर उभं राहिलं की आपण बहुसंख्य होतो, आणि नजर मंदावते.

असो. मी कार्ड घेतलं.

'अमेरिकेवर मराठी बाईने लिहिलेलं' या चौकटीत हल्लीचं एखादं प्रवासवर्णन टाकून मोकळं व्हावं असा माझा बेत होता. मैत्रिणीने सुचवलं पंडिता रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. साल १८८९! रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी, आणि अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. इथलं सरकार, घरं, शाळा, स्त्रियांच्या संस्था, सगळं त्यांनी मराठी वाचकांसाठी लिहून ठेवलं. कौतुक भरपूर केलं, पण काळ्या लोकांना आणि इथल्या मूळ रहिवाशांना कसं वागवलं जातं त्याबद्दल खडसावलंही. तेव्हा अमेरिकन बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळायला अजून तीस वर्षं होती. मी इथे बत्तीस वर्षं राहते. या देशाविषयी मराठी बाईने माझ्या आधी शंभर वर्षं काय लिहिलं ते मला ठाऊक नव्हतं.

आनंदीबाई मात्र ठाऊक होत्या. इथे न्यू जर्सीतल्या रोझेलला त्या कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या होत्या. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला, जिथे आनंदीबाईंच्या अस्थी आहेत तिथेही नेतो. पण माझ्या आनंदीबाई आल्या श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ'मधून. १९६८ सालची ती कादंबरी मी दोनदा रडत वाचली आहे, आणि पुन्हा वाचीन. पण तिच्या ऐंशी वर्षं आधी, १८८८ साली, बोस्टनमध्ये कॅरोलाइन डॉल या बाईंनी आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र छापलं होतं, आणि मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिलं होतं. लपूनछपून वाचायला शिकलेल्या एका बाईने डॉक्टर झालेल्या दुसरीबद्दल काय लिहिलं असेल, हे कुतूहलसुद्धा मला कधी वाटलं नव्हतं. जोशींनी कुणाची जागा अडवली नव्हती. मीच एका पुस्तकावर थांबले होते.

जूनपर्यंत माझ्या बारा चौकटी भरल्या. लक्ष्मीबाई टिळक, रमाबाई रानडे, दुर्गाबाई, इरावतीबाई, विभावरी शिरूरकर, गौरी देशपांडे. मी खुशीत होते. मग 'तुमच्या जिल्ह्यातली लेखिका' ही चौकट आली. माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं, म्हणून फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' मागवलं. १९८६ साली पुस्तकरूपाने आलेलं हे आत्मकथन त्यांनी नवऱ्याच्या नजरेआड लिहून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं. महारवाड्यातल्या बायकांची भूक, बाळंतपणं, त्यांचं हसणं-भांडणं, आणि बाबासाहेबांच्या शब्दाने पेटून उठलेली माणसं त्यात आहेत.

माझ्या आजोळी मी दर मे महिन्यात जात असे. आमराई, विहीर, देवळामागचा पार, सगळं मला डोळे मिटून सांगता येईल. पण वेशीपलीकडच्या वस्तीत मी एकदाही गेले नव्हते. 'जाऊ नकोस' असं मला कुणी म्हटल्याचंही आठवत नाही. पुस्तक मिटून मी माझ्या बारा फुल्यांकडे पाहिलं. बहुतेक सगळ्या लेखिका एकाच पंगतीत बसणाऱ्या! पुरुषांच्या पंगतीत बायकांची पानं मांडली नव्हती म्हणून तक्रार करताना मी स्वतः मांडलेली पंगत तपासलीच नव्हती. पुढच्या चौकटीत ऊर्मिला पवारांचं 'आयदान' वाचलं. त्याचा इंग्रजी अनुवाद इथे कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला आहे, तो लेकीला दिला.

काकांचा आक्षेप मात्र पूर्ण खोटा नाही, हेही सांगायला हवं. मोजून वाचताना माणूस लबाडी करतो. ऑगस्टमध्ये मी दोन पुस्तकं केवळ पातळ होती म्हणून निवडली. आणि कुठल्याही चांगल्या लेखिकेला 'बायकांच्या चौकटीत' बसवलेलं आवडेल का? जॉर्ज इलियटने पुरुषाचं नाव घेतलं ते काय उगाच?

याहून मोठा धोका माझ्या लक्षात आला तो एका कादंबरीमुळे. ती मला अजिबात आवडली नाही. पण कट्ट्यावर बोलायची वेळ आली तेव्हा मी "वेगळा प्रयत्न आहे" वगैरे गुळमुळीत बोलू लागले. मैत्रीण म्हणाली, "हे पुस्तक पुरुषाचं असतं तर तू काय म्हणाली असतीस?" मी म्हटलं, "कंटाळवाणं." "मग तेच म्हण की!" त्या दिवशी आम्ही त्या कादंबरीवर तासभर भांडलो, आणि काकांनी तिची बाजू लढवली!

तेव्हा मला एक गोष्ट उमगली. मोजण्याने पुस्तक चांगलं ठरत नाही, आणि मोजणाऱ्याने तसा दावाही करू नये. मोजण्याने एवढंच कळतं की आपण कुणाच्या दारात कधी गेलोच नाही. दारापर्यंत आकड्याने जावं. आत गेल्यावर आकडा बाहेर ठेवावा आणि कुठल्याही लेखकाला लावतो तोच कस लावावा. सवलतीचे गुण देणं हासुद्धा अपमानच. लेकीच्या शिक्षिकेला तरी मी काय मागत होते? आमचं पुस्तक थोर माना असं नाही. वाचा, आणि मग नावं ठेवा.

कोजागिरीला कार्डं जमा झाली. फुल हाउस कुणाचंच झालं नाही. माझ्या एकोणीस चौकटी झाल्या. मधल्या मोकळ्या चौकटीत मी 'रुचिरा' लिहिलं होतं. काकांनी चष्मा लावून ते वाचलं आणि आटीव दुधाचा पेला उचलून म्हणाले, "मंजूर!" त्यांच्या स्वतःच्या कार्डावर चौदा फुल्या होत्या.

लेकीने विचारलं, "मग आता नेहमीच मोजून वाचणार का?" नाही. रोज मोजायला लागले तर वाचनाची मजाच जाईल. पण या वयात वर्षातून एकदा रक्तातली साखर तपासतो ना आपण? गोड खाणं सोडत नाही, पण आकडा ठाऊक असलेला बरा. तसं वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला पुस्तकं खाली काढली की, कपाट मोजायचं ठरवलंय. तुम्हीही एकदा मोजून बघा, आणि आकडा बघून राग आला, तर तो नेमका कुणाचा आला तेही बघा.