पराभवनाम संवत्सरे

यंदा पाडव्याला, म्हणजे १९ मार्चला, आमच्याकडे पंचांग वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीवर वाचन अडलं. शके १९४८, पराभव नाम संवत्सर. "ते नाव नका घेऊ," काका म्हणाले. "शके सांगा, वर्षाचा राजा सांगा, बास. घरात बारावीचं पोर बसलंय." काका म्हणजे माझे चुलत सासरे. बारावीचं पोर म्हणजे जावेचा मुलगा. तो श्रीखंडाच्या वाटीत गुंतला होता आणि त्याला संवत्सराशी काही देणंघेणं नव्हतं. नवऱ्यानं मुकाट्यानं पुढची ओळ घेतली. पाडवा गुरुवारी, म्हणून वर्षाचा राजा गुरू. सगळ्यांना बरं वाटलं. मी मात्र पानं वाढता वाढता धुमसत होते.

गुढीवरचा तांब्या, कडुलिंबाचा कोवळा पाला, त्यातलं कडू-गोडाचं तत्त्वज्ञान, साडेतीन मुहूर्त हे सगळं शाळेच्या निबंधापासून सांगून झालेलं आहे. त्यात मी पडत नाही. माझं लक्ष त्या साठ नावांवर आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरं. ढोबळमानानं साठ वर्षांत गुरूच्या पाच फेऱ्या होतात आणि शनीच्या दोन, म्हणून साठ. आपल्याकडे ती ओळीनं, न चुकता येतात. नर्मदेच्या उत्तरेला गुरूच्या चालीचा हिशेब धरतात, त्यामुळे तिकडे याच वर्षाचं नाव वेगळं. काकांना फारच धास्ती वाटत असेल तर त्यांनी नदी ओलांडावी, पराभव टळेल.

मला ही यादी आवडते, कारण ती वर्षांची खुशामत करत नाही. तिच्यात नंदन, विजय, जय आहेत आणि त्यांच्याच पंगतीला विकृती, दुर्मुख, राक्षस, क्षय बसलेले आहेत. नावावरून काही ठरतं असंही नाही. कपिल देवनं लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला ते १९८३चं संवत्सर रुधिरोद्गारी, म्हणजे रक्त ओकणारं. देश स्वतंत्र झाला तो सर्वजितात, आणि फाळणीही त्याच सर्वजितात. महाराष्ट्र राज्य जन्मलं १ मे १९६०ला, शार्वरी संवत्सरात. साठ वर्षांनी शार्वरी परत आलं ते २५ मार्च २०२०ला, देशभर टाळेबंदी सुरू झाली नेमकी त्या दिवशी. शार्वरी म्हणजे रात्र. एकदा नाव साफ चुकलं, एकदा अंगावर काटा यावा इतकं जुळलं. आणीबाणी लागली ते संवत्सर राक्षस होतं, यावर मी काही बोलत नाही. आमच्या घरात त्यावरून अजून दोन तट आहेत.

मागचा पराभव १९६६चा. त्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांवर गेला. बिहारात दुष्काळ पडला. आणि त्याच वर्षी काकांना बँकेत नोकरी लागली, जिच्या पेन्शनवर ते आज ताठ बसलेले आहेत. हे मी त्यांना जेवणानंतर ऐकवलं. ते म्हणाले, "तेव्हा कुणी नाव घेतलं नव्हतं, म्हणून लागली." मी म्हटलं, "मग वर्षभर गुरुजी प्रत्येक पूजेच्या संकल्पात पराभवनाम संवत्सरे म्हणणार, त्याचं काय?" "ते संस्कृतात असतं," काका म्हणाले आणि आडवे झाले.

खरं तर मला झोंबलं होतं ते त्यांचं 'बारावीचं पोर'. नव्या वर्षी आपण ज्या इच्छा बोलून दाखवतो त्यांच्या दोन जाती असतात आणि त्या निवडत बसायची मला जुनी खोड आहे. काही गोष्टी आपण मुलांसाठी मागतो, काही मुलांकडून मागतो. बोलताना दोन्ही एकाच सुरात येतात. ओळखायची खूण एवढीच की ती गोष्ट मिळाली नाही तर तोंड कोण लपवणार? मुलाला कावीळ झाली तर आईबाप जागरणं करतात, पण पाहुण्यांना टाळत नाहीत. तब्येत त्याच्यासाठीच मागितलेली असते. टक्के घसरले की मात्र भावकीतल्या लग्नाला जायचं जिवावर येतं. 'घराण्याचं नाव काढ' हा आशीर्वाद तर उघडउघड दुसऱ्या जातीचा, निदान तो ते लपवत नाही. संस्कारांचंही तेच. 'आमच्या घरचे संस्कार' हे शब्द घरातल्या घरात उच्चारलेले मी कधी ऐकले नाहीत. ते स्थळ बघायला लोक आले की निघतात.

इथवर माझं मत पक्कं होतं. संवत्सराचं नाव मोठ्यानं वाचावं. ज्या घरात पराभव हा शब्द उच्चारता येतो त्याच घरात मुलांना हरता येतं.

काकांचं म्हणणं याच्या उलट. वास्तू तथास्तु म्हणते, घरात अभद्र बोलू नये. मी हसले आणि हसता हसता मला सासूबाईंची भाषा आठवली. त्यांच्या तोंडून तांदूळ कधी संपले नाहीत, ते 'वाढले'. बांगडी फुटली नाही, वाढवली. मंगळसूत्र तुटलं नाही, वाढवलं. कोपऱ्यावरच्या वाण्यानं रात्री दुकान बंद केलं नाही, तेही वाढवलं. देवापुढचा दिवा विझला नाही, शांत झाला. निघताना कुणी 'जातो' म्हटलं की दारातून परत बोलावून त्याला 'येतो' म्हणायला लावत. ही सगळी भित्री भाषा मी काकांविरुद्ध वापरणार होते. अडचण अशी आली, की सासूबाई 'तांदूळ वाढले' म्हणाल्या म्हणून डब्यात तांदूळ आहेत असा घोटाळा आमच्या घरात कुणाचाही झाला नाही. संध्याकाळच्या आत कुणीतरी पिशवी घेऊन वाण्याकडे जायचंच. झाकला होता तो शब्द, रिकामा डबा नव्हे.

राज्य मंडळानं दहावीच्या गुणपत्रिकेवरचा नापासाचा शेरा काढून टाकला तेव्हा पुष्कळ टिंगल झाली. त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या बदलाची चर्चा कमी झाली. पूर्वी नापास झालेल्याला 'ऑक्टोबरला बसावं' लागे. तोवर अकरावीचे वर्ग निम्मे पुढे गेलेले असत आणि वर्ष हातचं जाई. ती परीक्षा जुलैत आणली, तेव्हा निघालेलं मूल त्याच वर्षी अकरावीत बसू लागलं. शेरा तसाच ठेवला असता तरी जुलैनं आपलं काम केलंच असतं. जुलै नसता तर गोड शेरा घेऊन त्या मुलानं काय करायचं होतं?

उलट, मोकळं बोलणारी घरंही मी पाहते आहे. अपयशावर मोकळेपणानं बोलणं हा हल्ली जिंकलेल्या माणसांचा आवडता विषय झाला आहे आणि त्याची लागण घरोघर झाली आहे. ओळखीतल्या एका जोडप्यानं मुलाला सांगून टाकलंय की नीटची परीक्षा निघाली नाही तरी चालेल, आमचं काही दडपण नाही. ते हे मनापासून सांगतात. पण आईनं नोकरी सोडून मुलाबरोबर लातूरला दोन वर्षांसाठी खोली घेतली आहे, शिकवणीची फी भरून झाली आहे आणि वडील शनिवारी रात्रीच्या गाडीनं पुण्याहून तिकडे जातात. लातूरला नावं ठेवायचा माझा विचार नाही. तिथे राहून मराठवाड्यातली किती तरी शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर झाली. प्रश्न त्या मुलाचा आहे. त्यानं आईबापांच्या वाक्यावर विसंबायचं की खोलीच्या भाड्यावर?

त्या घरातल्या मोकळेपणापेक्षा मला काकांचं न बोलणं परवडेल. कारण पोराचं फिजिक्स कच्चं आहे हे काकांना पक्कं ठाऊक आहे. नीटच्या जोडीला सीईटीचा अर्ज त्यांनीच त्याला भरायला लावला, पैसेही स्वतः दिले, आणि का ते कुणाला सांगितलं नाही. हे सासूबाईंच्या घराण्यातलंच न बोलणं आहे. शब्द गाळायचा आणि पिशवी उचलायची.

पण काकांचं आणखी एक न बोलणं आहे, ते या जातीचं नाही. त्यांची मुलगी, माझी चुलत नणंद, सासरहून परत आली त्याला बरीच वर्षं झाली. ती 'सध्या इथंच असते'. या 'सध्या'बद्दल घरात कुणी विचारत नाही, तिला दुखवू नये म्हणून. पण तिचं नाव घरच्या रेशनकार्डावर परत चढवायलाही कुणी गेलेलं नाही. त्यासाठी आधी सासरच्या कार्डावरून नाव कमी करून घ्यावं लागतं, आणि ते करायचं तर ती परत जाणार नाही असं कुणीतरी एकदा घरात म्हणायला हवं. ती राहते ती वरची खोली अजून पाहुण्यांची खोलीच आहे. कपाटाचा खालचा कप्पा पाहुण्यांसाठी मोकळा ठेवलेला असतो. इथे शब्द गाळला की पुढचं कामच अडतं. आणि माझी ती तोंड लपवण्याची खूण लावून पाहिली तर नणंद सगळीकडे जाते, तिच्या ऑफिसात केव्हाच सांगून मोकळी झाली आहे. लग्नकार्य टाळतात ते काका.

तेव्हा संवत्सराचं नाव त्यांनी खुशाल गाळावं, बारावीच्या पोराच्या बाबतीत त्यानं काही बिघडत नाही. माझं भांडण कार्डाचं आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या थोरल्या बाईचं नाव लागतं. काकांच्या घरच्या कार्डावरही काकूंचं आहे, म्हणजे अर्जावर सही त्यांची लागेल. शिवाय यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मेपासून, म्हणजे पराभव चक्क तेरा महिन्यांचा. अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायची रीत. मागच्या अधिकात, २०२३च्या श्रावणात, काकूंनी ते वाण कुणाला न सांगता देवळात देऊन टाकलं होतं. या वेळी अनारशांचे तांदूळ भिजत घालायच्या आधी मी हा विषय काढणार आहे, आणि तो काकूंपाशी.