तितिक्षा आणि दिव्याची गुणगुण

तितिक्षा या शब्दावर आम्ही आजवर किती निरूपणे केली असतील, त्याची मोजदाद नाही. पण तो शब्द नीट उमगला तो डहाणूच्या आमच्याच घरात, एका जुन्या ट्यूबलाइटखाली.

हा दिवा वीस-बावीस वर्षांचा. लावला की कोंडलेल्या भुंग्यासारखा गुं-गुं करी. त्याखालीच आमचा पाठ नि चिंतन चाले. कुणी पाहुण्याने तक्रार केलीच, तर आम्ही थाटात म्हणत असू, "अहो, आम्हांला तो ऐकूसुद्धा येत नाही!" आणि यालाच मनातून तितिक्षा समजत असू.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपासच्या लोकांनी थंडीतल्या रात्री घराबाहेर काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का झाला. धक्क्याबरोबर जमिनीतून घुमल्यासारखा आवाज येई. त्या दिवसांत तलासरीकडच्या आमच्या एका टाळकऱ्याच्या घराची भिंत तडकली, म्हणून त्याची म्हातारी आई आमच्याकडे राहायला आली.

पहिल्याच रात्री पाहतो तो मावशी अंथरुणात बसलेल्या, तळहात फरशीला टेकवलेला. दिवा मालवू का विचारले, तर नको म्हणाल्या. अंधारात धक्का बसला तर दार कसे सापडायचे? दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. आम्ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन शीतोष्ण, सुखदुःख सोसावे कसे, ते त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बुवा, सोसायचं तर आहेच. पण हा दिवा घुमतो का जमीन, एवढं कळलं म्हणजे मी निजते."

आमची सगळी विद्या तिथेच थांबली.

विवेकचूडामणीत तितिक्षेचे लक्षण सांगितले आहे: दुःख आले असता प्रतिकार न करता, चिंता वा विलाप न करता ते सोसणे. प्रतिकार नको, हे आम्ही नेमके उचलले होते. कारण त्यात आमचा आळस सुखाने मावत होता. पण दुःख कुणाचे? आवाज कानी पडूनही चित्त ढळत नसेल, तर ते सोसणे. आमच्या कानाने तो ऐकणेच सोडले होते, मग सोसले काय? आणि त्या आवाजाची झळ लागत होती मावशींना. नाथांचे चरित्र आपण सारे सांगतो. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्यापुढे ते पुन्हा पुन्हा गोदास्नान करीत राहिले, पण वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसताच रामेश्वरासाठी नेलेले गंगाजल त्याच्या मुखात ओतले. गाढवाला तितिक्षेवर प्रवचन दिले नाही! ते करायला आम्ही होतो.

सकाळी वायरमनला बोलावले. पोरगेलासाच मुलगा. मेन स्विच बंद करून त्याने पट्टी उतरवली आणि आम्हांला चोक दाखवला. आत लोखंडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या, भोवती तांब्याची तार. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते आणि प्रत्येक आवर्तनात ते लोखंड दोनदा ओढले जाते. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. पट्ट्या जुन्या होऊन सैल झाल्या की थरथरतात, आणि वरचे पत्र्याचे खोके तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे तो नाद वाढवते. त्याने आधी स्क्रू आवळून पाहिले. आवाज निम्मा झाला, गेला नाही. मग तो चोक काढून इलेक्ट्रॉनिक चोक बसवला. त्याची आवर्तने सेकंदाला वीस हजारांच्या वर, माणसाच्या कानापलीकडची. स्टार्टरही लागत नाही. अर्ध्या तासाचे काम, खर्च सांगायलाही लाज वाटावी इतका थोडा. एवढ्यासाठी त्या बाईंनी तीन रात्री जागून काढल्या होत्या.

जमिनीच्या धक्क्यांवर मात्र कुणा वायरमनचा इलाज नव्हता. तिथे सोसणेच होते, आणि ते मावशींना आमच्यापेक्षा चांगले येत होते. त्या रात्री त्या दिव्याखाली गाढ झोपल्या.

पुढे आठवड्याभरात एका रात्री कुणीतरी आमचा खांदा हलवला. आम्हांला तर काहीच ऐकू आले नव्हते. मावशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "बुवा, उठा. आता जमीन आहे." आम्ही सारे अंगणात आलो, आणि मागे दाराची कडी खुळखुळ वाजू लागली.