येणं हीच वर्गणी

ब्रिज खेळायला चार माणसं लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ब्रिजचा क्लब चालवायला किती लागतात, याचा विचार मात्र हिशेबाची वही हातात आल्याशिवाय कुणी करत नाही.

बहुतेक क्लबांना स्वतःची जागा नसते. जिमखान्याची कार्ड रूम, नाहीतर भाड्यानं घेतलेला हॉल, असं कुठेतरी बस्तान मांडलेलं असतं. भाडं, वीज, चहा, खेळावर देखरेख करणाऱ्या डायरेक्टरचं मानधन, झिजलेल्या पत्त्यांच्या जागी नवे कॅट, हा सगळा खर्च निघतो तो दोनच गोष्टींतून: वर्षाची वर्गणी आणि खेळायला येईल त्याच्याकडून दर वेळी घेतलेली टेबल मनी. अडचण अशी की, भाडं ठरलेलं असतं. सात टेबलं भरोत की चार, जागेच्या मालकाला पैसे तेवढेच मोजावे लागतात. जमा मात्र होते आलेल्या माणसांपुरतीच.

क्लबात खेळतात तो डुप्लिकेट ब्रिज. चांगली पानं आली म्हणून जिंकलो, ही पत्त्यांच्या खेळातली जुनी कुरकुर या पद्धतीनं मिटवली. एकदा वाटलेली तेरा-तेरा पानं चार कप्प्यांच्या बोर्डात ठेवायची आणि तोच बोर्ड टेबलाटेबलावर फिरवायचा. म्हणून इथे खेळलेलं पान टेबलाच्या मध्यावर फेकत नाहीत. प्रत्येक जण ते आपल्याच पुढ्यात पालथं ठेवतो. जिंकलेल्या हाताचं पान उभं, गमावलेल्याचं आडवं. डाव संपला की पानं मोजून पुन्हा आपल्या कप्प्यात घालायची, पुढच्या टेबलासाठी.

नेहमीच्या मिचेल पद्धतीत उत्तर-दक्षिण जोड्या जागेवरच बसतात, पूर्व-पश्चिम जोड्या दर फेरीला पुढच्या टेबलावर जातात आणि बोर्ड उलट दिशेनं मागे सरकतात. सात टेबलं असली, तर एकाच बोर्डाची तीच पानं त्याच दिशेनं खेळलेल्या सात जोड्या होतात. ज्या जोडीपेक्षा तुमचा खेळ सरस, तिच्यामागे दोन गुण. बरोबरी झाली तर एक. म्हणजे एका बोर्डावर जास्तीत जास्त १२ गुण. टेबलं चारच असली तर ६. उत्तर-दक्षिण बसलेल्या जोडीची तुलना होते ती दुसऱ्या उत्तर-दक्षिण जोड्यांशी, आणि त्यांच्याशी तर त्या खेळात समोरासमोर गाठही पडत नाही. चार इस्पिकांची बोली तुम्ही कितीही कौशल्यानं पार पाडा, तिचं मोल ठरतं ते पलीकडच्या टेबलांवर. ती माणसं आलीच नाहीत, तर आपण किती चांगले खेळलो हे आपल्यालाही कळणार नाही.

मला या खेळातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. इथे प्रतिस्पर्धी म्हणजे अडथळा नव्हे. त्याच्यामुळेच आपल्या खेळाला अर्थ येतो. क्लबाची वहीही तेच सांगते. एक माणूस आला नाही, तर त्याचा भिडूही खेळाविना राहतो. जोड्या विषम झाल्या, तर दर फेरीला एक जोडी नुसती बसून राहते. म्हणून चांगल्या क्लबात एखादा सभासद हौसेनं राखीव राहतो. एकटा आलेल्याचा भिडू होतो, आणि जोड्या पुऱ्या भरल्या की मुकाट्यानं घरी जातो. निकालाच्या कागदावर त्याचं नाव नसतं. पण क्लब उभा असतो तो अशांच्या जिवावर.

इंग्लंडच्या ब्रिज संघटनेनं एप्रिल २०१० पासून आपली व्यवस्थाच माणसांच्या खेळायला येण्यावर बेतली. संलग्न क्लबात एखादा जेवढ्या वेळा खेळेल, तेवढ्या वेळा त्याच्यामागे छोटीशी रक्कम क्लबाकडून संघटनेला जाते, आणि क्लबाचा सभासद आपोआप संघटनेचाही सभासद होतो. खेळायला बसणं हेच देशाच्या संघटनेला दिलेलं योगदान ठरलं. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत क्लबांची दारं बंद झाली, तेव्हा अमेरिकेतल्या क्लबांना इंटरनेटवर आपले खेळ भरवता आले आणि प्रवेशशुल्कातला वाटा त्यांच्याकडे गेला. सभासद घरी बसूनही खेळायला आले, म्हणून क्लबाच्या वहीत जमेची बाजू कोरी राहिली नाही.

आपल्याकडे वाचनालयं, भजनी मंडळं, व्यायामशाळा, हौशी नाट्यसंस्था अशाच चालतात. आपण पावती फाडतो आणि कर्तव्य झालं असं समजतो. पावतीनं भाडं भागतं. टेबल भरत नाही. नवा शिकणारा एखाद्या संध्याकाळी बिचकत येतो तेव्हा त्याला समोर बसणारा माणूस हवा असतो, आणि तो कुठल्याच देणगीतून विकत आणता येत नाही.

देणगी जरूर द्यावी. पण आज आपल्या मंडळाचा वार असेल, तर कंटाळा बाजूला ठेवून आधी जावं.